श्रवणरोपणापूर्वीची प्रतिमाचाचणी: दुर्लक्षित दुवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला आणि तपासणीच्या ३० आरोग्यदोषांत जन्मजात बधिरतेलाही स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी केंद्राच्या सुधारित एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी प्रतिबालक ६ लाख रुपयांची मर्यादा निश्चित करण्यात आली. समन्वयाचे काम मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे आले. बधिरता ओळखणे आणि यंत्र उपलब्ध करणे, या दोन्ही टोकांची अशी व्यवस्था झाली. मधल्या टप्प्याची, म्हणजे आंतरकर्णाच्या प्रतिमाचाचणीची, चर्चा मात्र क्वचितच होते.

कानशिलाच्या हाडाच्या सीटी स्कॅनमध्ये कर्णशंखाची घडण आणि शस्त्रक्रियेचा मार्ग दिसतो. तथापि श्रवणचेता अस्तित्वात आहे किंवा नाही, हे थेट दाखवते ते एमआरआयच. ही चेता नसेल, तर इम्प्लांटपासून लाभाची आशा फार थोडी असते.

मेंदूज्वरानंतर बधिर झालेल्या बालकांच्या बाबतीत तर काळाशीच स्पर्धा असते. दाहामुळे कर्णशंखातील द्रवाची जागा प्रथम तंतुमय ऊती आणि नंतर हाड घेऊ लागते. ही प्रक्रिया काही आठवड्यांतही सुरू होऊ शकते. प्रारंभीचा बदल एमआरआय टिपते. सीटीमध्ये तो हाड तयार होऊ लागल्यावरच उमटतो. मार्ग बुजला, की इलेक्ट्रोड पूर्णपणे आत सरकत नाही.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेमुळे अनेक जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅन पोहोचले. एमआरआयसाठी मात्र बहुधा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. शिवाय लहान मूल यंत्रात निश्चल राहत नाही, त्यामुळे पुष्कळदा भूलतज्ज्ञही लागतो.

दुसरीकडे, ही यंत्रे अनावश्यक तपासण्यांतही गुंतलेली असतात. कुशीवर वळताना काही क्षण येणारी भोवळ बहुतांशी आंतरकर्णातील सूक्ष्म कण जागेवरून सरकल्याने येते. रुग्णाला झटकन आडवे करून केलेल्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत ती ओळखू येते. स्कॅनची गरज सहसा नसते. उलट, एकाएकी सुरू होऊन टिकून राहणारी भोवळ पक्षाघाताचीही असू शकते आणि त्यात सीटीचा अहवाल अनेकदा निर्दोष येतो. तेवढ्यावर निश्चिंत होणे घातक.

मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक बालकाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वीच व्हावी आणि दोष आढळल्यास एमआरआयची तारीख त्याच कागदावर लिहून मिळावी. यासाठी नव्या योजनेची आवश्यकता नाही.