उचल दिली, माणूस विकत घेतला नाही



पावसाळा तोंडावर आला की आपल्या शेती खात्यात तोडणी-वाहतुकीच्या करारांची गडबड सुरू होते. ट्रॅक्टरमालक सभासद गट कार्यालयात येतात, बाँडवर सह्या होतात, कारखान्याकडून उचल मिळते आणि ती घेऊन आपली मंडळी बीड, जालना, अहिल्यानगरकडे मुकादमाच्या दारात जातात. सही करण्यापूर्वी बाँड वाचणारा सभासद आम्ही क्वचितच पाहिला. खोटे कशाला बोला, आम्हीही तो कधी नीट वाचला नव्हता. गेल्या हंगामात जे घडले त्याने आमचे डोळे उघडले, म्हणून हा लेखप्रपंच.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही एका फडावर गेलो. टोळी दहा कोयत्यांची, हजर चारच. मुकादम सहा कोयते घेऊन रातोरात पसार झालेला. वाहनमालक आपलेच सभासद. कारखान्याची उचल पुरली नाही म्हणून घरचे दागिने गहाण ठेवून त्यांनी मुकादमाला पैसे दिलेले. उरलेल्या चार जोड्यांना कोप्यांवरून हलू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. मोबाईल काढून घेतले, रात्री राखणीला माणूस बसवला. एका बाईचे पोर तापाने फणफणले होते; तिला "आधी उचल फिटू दे, मग जा" हे उत्तर. आम्ही विचारले तर सभासद म्हणाले, "साहेब, माझे पैसे बुडालेत. मी काय चोरी केली?" आम्ही त्यावर काही बोललो नाही. पोराला आमच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात नेले, एवढेच. अशी राखण आम्ही पूर्वीही पाहिली होती आणि 'तोड चालू आहे ना, मग झाले' असे म्हणून पाठ फिरवली होती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या सभासदांना घेऊन तालुक्याला एका वकीलसाहेबांकडे गेलो. मुकादमावर फिर्याद कशी करायची, इतकेच विचारायचे होते. त्यांनी बाँड पाहिला, बाजूला ठेवला आणि उलट आम्हालाच चार प्रश्न विचारले. मजुराचे कोणतेही प्रकरण हाती आले की आपण याच प्रश्नांपासून सुरुवात करतो, असे ते म्हणाले. आम्ही शेतकीची पदविका घेतलेले, कायदा शिकलेलो नाही. पण हे चार प्रश्न प्रत्येक सभासदाला पाठ असावेत, असे आमचे मत झाले आहे.

पहिला प्रश्न : मालक कोण? आम्ही चटकन म्हणालो, मुकादम. त्यावर त्यांनी विचारले, आज कोणाचा ऊस तोडायचा हे कोण सांगतो? चिठ्ठी कोण देतो? वजन कोणाच्या काट्यावर होते? पैसा कोणाच्या उसाच्या बिलातून कापला जातो? उत्तरे देता देता आमचीच पंचाईत झाली. प्रोग्रॅम कारखान्याचा, चिठ्ठी चिटबॉयची, काटा कारखान्याचा आणि तोडणी-वाहतूक वजा होते ती तुमच्या-आमच्या एफआरपीतून.

केरळातील एका दोरखंडाच्या कारखान्याचे प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मजूर ठेकेदारांनी आणलेले होते. न्यायालयाने ठेकेदाराचा पडदा दूर करून पाहिले आणि ज्याच्या धंद्यासाठी माणसे राबतात तोच खरा मालक, असे ठरवले. पुढे २०१४ साली एअर इंडियाच्या कॅन्टीन कामगारांच्या खटल्यात कसोटी अधिक कडक झाली. नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढून कोण टाकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, काम सलग आहे काय आणि पूर्ण ताबा कोणाचा, हे सारे आता पाहिले जाते. म्हणजे प्रत्येक प्रकरण आपापल्या पुराव्यावर उभे राहते. पण बाँडवर मुकादमाचे नाव आहे म्हणून आपण सुटलो, या भ्रमात कोणी राहू नये.

दुसरा प्रश्न : दिलेला पैसा कोणत्या अटीवर दिला? उचल देणे हा गुन्हा नाही. पण उचलीच्या बदल्यात माणसाची ये-जा बंद केली, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक काढून घेतली किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवले, तर ती वेठबिगारी होते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा याबाबत फार कडक आहे. असे कर्ज कायद्यानेच संपुष्टात येते, त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पैसे देणाऱ्यावरच असते. ठेकेदाराकडचे मजूर या कायद्यात येतात की नाही, ही शंका १९८५ च्या दुरुस्तीने दूर केली.

दिल्लीच्या एशियाड बांधकामाच्या खटल्यात १९८२ साली न्यायमूर्ती भगवती यांनी त्याहून पुढचे सांगितले आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लावणे म्हणजे सक्तीची मजुरीच, कारण पोटाची भूकही सक्तीच करते. घटनेच्या २३ व्या कलमाने तिला बंदी आहे.

हे ऐकताना आमचे सभासद पांढरेफटक पडले. उचल वसूल करायला गेलेला माणूस स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तिसरा प्रश्न : कागदावर नाव कोणाचे? आपण 'कोयता' म्हणतो तेव्हा त्यात नवरा आणि बायको अशी दोन माणसे असतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. पण हिशेबात नाव एकट्या पुरुषाचे, पुष्कळदा तेही नाही, नुसते मुकादमाचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत आले. त्यातील वेतन संहितेप्रमाणे मजुरीत स्त्री-पुरुष भेद करता येत नाही आणि एका वेतनकाळातील एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण ज्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर नाही, तिच्या हाती त्यातले किती पडले हे कोण सांगणार?

चौथा प्रश्न : उद्या कोणी ट्रॉलीखाली आले तर? वकीलसाहेबांनी सांगितले की आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकरवी करून घेतले, तर नुकसानभरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. १९२३ पासूनचे हे तत्त्व आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. विम्याचेही तसेच. शेतीकामाचा म्हणून ट्रॅक्टरचा विमा उतरवायचा, ट्रॉलीचा उतरवायचाच नाही आणि वर मजूर बसवून न्यायचे, अशा प्रकरणात विमा कंपनी हात वर करते. मग घर विकायची पाळी वाहनमालकावर येते.

आता सभासदांची बाजू. ती आम्हाला चांगली ठाऊक आहे. तोडीला खुशाली मागतात, ड्रायव्हरला एंट्री द्यावी लागते, वाढे घेऊन जातात ते वेगळेच. एकाच टोळीवर तीन-तीन जणांकडून उचल घेणारे मुकादम आहेत आणि त्यांच्यापायी आपले तरुण वाहनमालक कर्जात बुडाले आहेत. ही तक्रार रास्त आहे. परंतु मुकादमाने फसवले तर मुकादमावर भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली फिर्याद करावी, दिवाणी दावा लावावा. त्याचा राग कोपीतल्या जोडप्यावर काढणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय माणूस डांबून ठेवणे हा त्याच संहितेच्या १२७ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

आमचे स्पष्ट मत असे की यंदाच्या करारांपासून आपण रीत बदलावी. टोळीतील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे नाव, गाव आणि ओळखपत्राचा क्रमांक करारासोबत जोडावा. उचल एकरकमी मुकादमाच्या हाती न देता टप्प्याटप्प्याने आणि शक्य तेथे थेट मजुराच्या खात्यावर द्यावी. दोघा नवरा-बायकोची खाती वेगळी असावीत. दर पंधरवड्याला किती टन तोडले, किती फिटले, किती उरले याची चिठ्ठी मजुराच्या हातात पडावी. ट्रॅक्टरसोबत ट्रॉलीचा विमा असल्याशिवाय गाडी भरू नये. चौदा वर्षांखालील पोर फडात दिसले तर चिटबॉयने ते गट कार्यालयाला कळवावे आणि आम्ही त्याच्या शाळेची सोय पाहावी.

काहीजण म्हणतील, एवढा कागद कोण रंगवणार? आम्ही म्हणतो, ज्याची नावे कागदावर आहेत त्या टोळीचा मुकादम सहा कोयते घेऊन सहजी पळू शकत नाही. पळालाच तर फिर्यादीला पुरावा राहतो. म्हणजे ज्या कागदाने मजुराचे रक्षण होते, त्यानेच वाहनमालकाचे पैसेही राखले जातात.

त्या सभासदांनी त्याच संध्याकाळी मोबाईल परत दिले आणि राखण उठवली. दोन जोड्या गावी गेल्या, दोन पट्टा पडेपर्यंत राहिल्या. मुकादमावर फिर्याद झाली आहे. पैसे अजून आलेले नाहीत, दागिने अजून गहाणच आहेत. पण त्यांच्या दारात पोलीस आले नाहीत आणि ते पोरही बरे झाले.

कारखाना आपण शेतकऱ्यांनी उभा केला तो कोणाच्या तरी सावकारीतून सुटण्यासाठी. आपण दुसऱ्याचे सावकार होऊ नये. करारावर सही करण्यापूर्वी बाँड वाचावा, न समजल्यास गट कार्यालयात यावे. आम्ही तुमच्याबरोबर बसून तो वाचू.