हात बसेपर्यंत हलकं कापड

‘हात बसेपर्यंत हलकं कापड घ्या’ हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याच्यावर माझा राग आहे. हा गृहस्थ स्वतः पँट शिवायला कधीही बसलेला नसणार. शिकाऊ माणसाचा हात बसतो तो चांगल्या कापडावर. हलक्या कापडावर माणूसच बसतो, डोक्याला हात लावून.

मी बँकेतला कारकून. बी. कॉम. चाळिशी उलटल्यावर, ऑफिसात घालता येईल आणि चार माणसांत शोभेल अशी साधी पँट स्वतःची स्वतः शिवावी, असं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. आईचं पायमशीन घरात होतंच. ‘रविवारी निदान घरात तरी दिसाल,’ असं म्हणून सौ.नी प्रस्ताव मंजूर केला. पण कापड घ्यायचं म्हटल्याबरोबर सल्ल्यांचा भरणा सुरू झाला. मेहुणे म्हणाले, हलकं घ्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, हलकंच घ्या. दुकानदार तर म्हणाला, “साहेब, शिकायचंच आहे ना? मग हे न्या, वाया गेलं तरी हळहळ नको.” इतकं एकमत मी आमच्या सोसायटीच्या सभेत आजवर पाहिलेलं नाही. तिथूनच मला संशय आला.

हे ‘हलकं’ म्हणजे काय चीज आहे, ते बघा. पातळ, तकतकीत, निव्वळ पॉलिएस्टर. पॉलिएस्टरशी माझं वैर नाही. 1941 साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रजांनी टेरिलीन शोधून काढलं, आणि पुढं त्याच्या टेरिकॉटनं आमच्या वडिलांच्या पिढीची इस्त्रीतून अर्धी सुटका केली. त्यांचे उपकार आहेतच. पण हा धागा प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीचा सख्खा भाऊ आहे, हे विसरू नये. हे कापड टेबलावर पसरलं की जमिनीकडे निघतं. खडूनं आखलेली रेघ सरळ असते, कापल्यावर ती नदीसारखी होते. मशीनखाली वरचा थर पुढं आणि खालचा मागं. कडेचे धागे सुटत राहतात. आणि शिवण इस्त्रीनं बसवायला जावं, तर मंद इस्त्रीला ते दाद देत नाही आणि कडक इस्त्रीला चकाकतं नाही तर वितळतं. इस्त्री ही तर पँटची अर्धी शिवण आहे! वीस वर्षं मशीनवर बसलेला शिंपीसुद्धा असलं कापड हातात घेताना एकदा नाक मुरडतो, आणि तेच आपण पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्याला देतो.

बँकेत नवा कारकून आला की त्याला मोजायला आम्ही ओल्या, चिकटलेल्या, कोपरे गेलेल्या नोटांचं बंडल देत नाही. पहिली पोळी लाटणाऱ्या पोरीच्या पुढ्यात कुणी किडक्या गव्हाची कणीक ठेवत नाही. मग शिवणाऱ्यानंच काय घोडं मारलंय?

आमच्या कॅश खिडकीवर एक बाई आहेत. हजार नोटांत एक खोटी असली तर बोटाला कळते, असा हात. त्यांनीही पँट शिवायला घेतली होती, आणि क्लासमध्ये सांगितलं म्हणून असलंच सुळसुळीत कापड आणलं. तीन रविवार त्या टीप घालत होत्या आणि उसवत होत्या. उसवलं की सुईची भोकं तशीच राहायची. चौथ्या सोमवारी मला म्हणाल्या, “माझ्या हातात ती कलाच नाही हो.” त्यांच्या मशीनवर आता मनीप्लँट आहे. माझा खरा राग इथं आहे. नापास झालं कापड, आणि प्रगतिपुस्तकात लाल रेघ पडली त्या बाईंच्या नावापुढं. अशी मनीप्लँट लावलेली मशीनं घरोघर असणार.

‘पण पैसे वाचतात!’ असं तुम्ही म्हणाल. या, कॉमर्सवाल्याशी हिशेब करा. पँटच्या कापडाचा पन्हा बहुधा 58 इंची असतो, त्यात मध्यम उंचीच्या माणसाला 1.3 मीटर पुरतं. समजा, हलकं कापड 150 रुपये मीटर आणि बरं कापड 400 रुपये मीटर. फरक पडला 325 रुपयांचा. चेन, बकरम, खिशाचं कापड, दोरा यांचा खर्च दोन्हीकडे सारखा. आणि आठ संध्याकाळची मजुरी? ती जमेला धरायची की नाही? आठ संध्याकाळी घालवून हातात येणार काय, तर जी पँट चांगली झाली तरी कुणी घालणार नाही ती! याला काटकसर म्हणणाऱ्यानं माझ्याकडं कर्जाला येऊ नये. (पन्ह्याचं विचारून घ्या मात्र. 36 इंची पन्हा असला तर कापड जवळजवळ दुप्पट लागतं, आणि स्वस्त वाटलेला भाव तिथंच महाग पडतो.)

दुसरा एक सल्ला याहून धोक्याचा: ‘कपाटात आहेराचे पँटपीस पडलेत, त्यावर शिका.’ अहो, आहेराचा पँटपीस हा बेअरर चेक आहे! तो वटवायचा नसतो, पुढं द्यायचा असतो. आमच्या घरात एक बिस्किटी रंगाचा पीस दोनदा येऊन गेलाय. त्याला कात्री लावणं म्हणजे चार घरांचे संबंध कापणं.

सराव करायचाच असेल तर त्यासाठी मांजरपाट आहे, जुनी सुती चादर आहे. कापायची, लांब टाके घालून जोडायची, अंगावर चढवून बघायची. कंबर सैल, मांडीला ताण, बसताना मागून ओढ, जे काय असेल ते तिथं कळतं. चादरीला मान-अपमान नसतो. मात्र चादरीवर माप जमलं की थेट चांगलं कापड. मधली ‘हलकी’ पायरी कुणी घातली, ते त्या दुकानदारालाच ठाऊक.

चांगलं म्हणजे भारी किमतीचं नव्हे. सुती ड्रिल घ्या किंवा गॅबर्डिन घ्या. दोन्हींच्या विणीत बारीक तिरप्या रेघा असतात, किंचित वाकडी टीप त्यांत खपून जाते. लग्नाकार्यात मिरवायचं असेल तर टेरिवूल घ्या, लोकर असल्यामुळं वाफेच्या इस्त्रीचं ते लहान मुलापेक्षा जास्त ऐकतं. वजन चौरस मीटरला 200 ते 280 ग्रॅम असावं. यापेक्षा पातळ कापडातून खिसे दिसतात, आणि फार जाड घेतलं तर कमरेशी चार थर एकत्र आले की सुई रुसते. सुई 14 नंबरची, जाड ड्रिलला 16.

चौकडा नको, तो दोन्ही बाजूंना जुळवण्यात आयुष्य जातं. कॉर्डरॉय नको, त्याची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला हवी आणि त्यापायी कापड जास्त लागतं. काळा कुळकुळीत रंगही नको. रात्री दिव्याखाली काळ्यावरची काळी टीप उसवायला घारीचे डोळे लागतात. करडा, निळा, तपकिरी हे रंग सभ्य आहेत, बँकेतही चालतात.

हल्ली एक नवा पंथ निघालाय: ‘ताणणारं घ्या, चुका झाकल्या जातात.’ लायक्रा चुका झाकत नाही, पुढं ढकलते. शिवताना कापड ताणलं जातं आणि शिवण लाटांसारखी उठते. साध्या सुईनं टाके गाळते, तिला वेगळी सुई लागते. दुसऱ्या पँटला विचार करू.

दुकानात मी कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरून मनात दहा आकडे मोजतो. सोडल्यावर चुण्या बऱ्याचशा गेल्या, तर ठीक. मग चिमटीत घडी दाबतो, ती धरून राहते का बघतो. मग कापड उजेडाकडे धरतो. एवढ्यात दुकानदार विचारतो, “साहेब, कापड बघताय की नोट?”

सवय आहे, दुसरं काय. 1.3 ऐवजी दीड मीटर फाडायला सांगतो, कारण सुती असलं तर ते घरी आणून आधी पाण्यात घालायचं असतं आणि ते आटतं. “पाण्यात? नवं कोरं?” असं विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जी वेदना दिसते, ती मला ‘वाया गेलं तरी हळहळ नको’ म्हणताना दिसली नव्हती.