विज्ञान-परिचय : गोळीची गिरकी

वाचकहो, दूरचा नेम साधला की आपण नेमबाजाच्या डोळ्याची व हाताची वाखाणणी करतो. ती रास्तच आहे. परंतु नळीबाहेर पडलेली गोळी त्याच्या स्वाधीन राहत नाही. पुढे तिला सावरते ती तिची स्वतःभोवतीची गिरकी.

लांबट, टोकदार गोळी हवा कापीत जाते, तेव्हा हवेचा रेटा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे बसतो आणि तिला आडवी पाडू पाहतो. वेगात फिरणारा भोवरा आरेवर ताठ उभा राहतो, वेग मंदावला की झोकांड्या खातो. गोळीचा न्यायही तोच. म्हणून रायफलीच्या नळीत पेचदार खाचा पाडलेल्या असतात. 11 इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला 2,750 फूट वेगाने सुटलेली गोळी सेकंदास 3,000 फेरे घेते!

ही गिरकी किती असावी? ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसांवरून 1857 साली आपल्याकडे असंतोष भडकला, तिच्यात एका फेऱ्यास 78 इंच लागत. मँचेस्टरचे यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ यांनी बारीक, षट्कोनी नळीत तो फेरा 20 इंचांत बसविला व अधिक लांबट गोळी योजिली. 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डन येथे व्हिक्टोरिया राणीने बैठकीवर पक्की बसविलेली ही रायफल दोरी ओढून झाडली. 400 वारांवरील लक्ष्याच्या मध्यापासून गोळी केवळ सव्वा इंचावर लागली.

1879 साली गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी यासाठी सूत्र मांडले. त्यावरून आलेला सोपा हिशेब असा : गोळीची लांबी जाडीच्या जितके पट, तितक्याने 150 ला भागावे. लांबी चौपट असेल, तर जाडीच्या साडेसदतीस पट अंतरात एक फेरा हवा. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी अधिक.

मग गिरकी हवी तितकी वाढवावी काय? नाही. गोळी किंचितही एकांगी जड असेल, तर अतिगिरकीने तिचा दोष वाढतो. उलट गिरकी अपुरी असेल, तर दूरवर वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरताच गोळी डळमळू लागते. 1,000 वारांवर एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी चूकही साडेदहा इंचांची होते. म्हणून जाणता नेमबाज आधी नळीला साजेशी गोळी निवडतो. वाऱ्याचा अंदाज मात्र कोणतीही गिरकी देत नाही. तो त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.