दंडाची पावती हाच आमचा सातबारा

देवगाव फाट्यावर उभं राहिलं की एक वाट सेलूला जाते, एक जिंतूरला, एक मंठ्यावरून जालन्याला. फाटा म्हणजे गावाच्या बाहेरची जागा. आमच्यासारखीच. म्हणून इथं बसून बोलायला मला बरं वाटतं.

मागच्या महिन्यात मी माझ्या मायला घेऊन इथंच बसची वाट बघत होतो. मायच्या मांडीवर कागदाची पिशवी. हाटेलात एक पांढरे कपडे चहा पीत होते. त्यांच्यासोबत आणखी दोन पांढरे कपडे. त्यातले एक मोठ्यानं म्हणाले, "हे गायरानवाले समदे चोर. सरकारनं एकदा बुलडोझर फिरवून मोकळं व्हावं."

मी तेव्हा बोललो नाही. माय सोबत होती, बस यायची होती, आणि खरं सांगू का, बापजाद्यांची सवय अजून मानेतून पुरती गेलेली नाही. मान आपोआप खाली जाते. आता लिहितोय. मान वर करून लिहितोय. पांढरे कपडे, ऐका.

माझा बाप सालदार होता. बाहत्तरच्या दुष्काळात त्यानं खडी फोडली, मायनं डोक्यावर माती वाहिली. मिलोची लाल भाकर खाऊन, सुकडी खाऊन आम्ही जगलो. दुष्काळ सरला तर मालकानं सांगितलं, "औंदा सालगडी नको." बापाच्या हातात काय होतं? दोन हात होते. गावाच्या वरच्या अंगाला माळ होता. कुसळ, हराळी, धोंडे. त्या माळाकडं कोणी बघत नव्हतं. बापानं त्याच्यातलं दोन एकर धरलं. बैल नव्हता, कुदळीनं खणलं. माय धोंडे वेचून बांधाला टाकायची. तो बांध आजपण उभा आहे. तुमच्या मोजणीच्या साखळीनं घातलेला नाही तो, माझ्या मायच्या टोपल्यानं घातलाय. पहिल्या वर्षी दोन पायल्या मटकी आली. माय सांगते, "त्या मटकीची उसळ केली त्या दिवशी तुहा बाप जेवला नाही रे, नुसता बघत बसला."

मग तलाठी आला. पंचनामा झाला, बापाला दंड झाला. पावतीवर साल आहे १९७६. आमच्या सात पिढ्यांत जमिनीच्या शेजारी आमचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते त्या दंडाच्या पावतीवर! बापानं ती पावती पत्र्याच्या पेटीत ठेवली. लोक देव ठेवतात तशी.

आता कायद्याचं बोलू. चोर म्हणालात ना? मग कायदाच बघू.

२७ डिसेंबर १९७८. महाराष्ट्र सरकारनं निर्णय काढला: १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळात भूमिहीनांनी सरकारी पडीक, गायरान जमिनीवर शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करावीत. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ ला दुसरा निर्णय. त्यात मुदत वाढवली १४ एप्रिल १९९० पर्यंत. ही तारीख कुणाच्या जन्मदिवसाची ते सांगायची गरज नाही. म्हणजे आमचं वाहीत सरकारनं स्वतःच्या सहीशिक्क्यानं मान्य केलेलं आहे. चोराला कोणतं सरकार दोनदा जमीन देऊ करतं?

आणि हे सरकारच्या पोटात आपसूक आलं नाही. १९५३ साली मराठवाड्यात पडीक जमिनीसाठी आमच्या लोकांनी सत्याग्रह केला. १९५९ ला केला. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या पाठीमागं देशभर लाखावर माणसं तुरुंगात गेली. त्यात बाया होत्या, कडेवर लेकरं होती. कसेल त्याला पडीक जमीन द्या, एवढंच मागणं. लिहिता-वाचता न येणाऱ्या साध्या माणसांनी या देशातला एवढा मोठा सत्याग्रह केला, आणि शाळेच्या पुस्तकात त्याला किती ओळी मिळाल्या? आपल्या पोरांना विचारून बघा.

अठ्ठ्याहत्तर साल नीट बघा, बापहो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. लगेच मराठवाडा पेटला. आमची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आणि बरोबर पाच महिन्यांनी, २७ डिसेंबरला, गायरानाचा निर्णय. लोक म्हणतात ती नामांतराची दंगल. मी म्हणतो, नुसती नावाची कशी? ज्या माणसानं विद्यापीठाचं दार बघितलं नव्हतं, त्याच्या झोपडीला काडी का लागली? त्याच्या वावरात ढोरं का सोडली? दुखणं पाटीवरच्या नावाचं होतं तेवढंच सातबाऱ्यावरच्या नावाचंही होतं. काल वाड्यावर जोहार घालणारा आज स्वतःच्या वावरातून कणसं घेऊन येतो, हे डोळ्यात खुपत होतं.

नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सोळा वर्षं! आता बघा गंमत. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. कुठं एक काच फुटली नाही. तलाठ्याचं नामांतर एका बैठकीत होतं. आमच्या बापाच्या नावाला सोळा वर्षं आणि मुडदे लागतात.

नाव बदललं पण तलाठ्याचं दप्तर तेच राहिलं. त्या दप्तरात एक नोंदवही असते, गाव नमुना १-ई. अतिक्रमणाची नोंद तिच्यात. कोण, किती एकर, कधीपासून. जमीन नियमित करायची तर ही नोंद पाहिजे, नाहीतर दंडाची पावती, पंचनामा, फौजदारीचा कागद पाहिजे. ही मेख समजून घ्या. गुन्हा केल्याचा पुरावा असेल तरच हक्क मिळणार! आणि तो पुरावा लिहून ठेवणार कोण? ज्याच्या ओसरीवर तलाठी उतरतो, ज्याच्या घरी जेवतो, त्याचा तो मिंधा. कित्येक गावांत आमच्या माणसांनी वीस-वीस वर्षं माळ कसला आणि १-ई कोरीच राहिली. जिथं नोंद आहे तिथं पावती हरवलीय, पावती आहे तिथं नोंद नाही.

माझ्या बापाचं हेच झालं. पावती आहे, वहीत नाव नाही. १९९२ साली बाप पावती घेऊन कचेरीत गेला. तिथला कारकून म्हणाला, "वहीत नाव नाही, हा कागद चालत नाही." बाप म्हणाला, "साहेब, दंड घेतला तवा चालला, आता कामून चालंना?" याचं उत्तर त्या कचेरीनं आजपर्यंत दिलेलं नाही. बाप गेला. आता माय जाते.

पांढरे कपडे म्हणतील, कोर्टानं सांगितलंय. कोर्टानं काय सांगितलंय ते पुरतं सांगा ना! २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सांगितलं. बरोबर. पण त्याच निकालात अपवादपण सांगितला आहे. सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जमीन दिलेली असेल, तर ती नियमित करता येईल. निकालाचा पहिला भाग सगळ्यांना तोंडपाठ. अपवाद कुणी वाचत नाही. १२ जुलै २०११ ला महाराष्ट्रानं त्या निकालावर निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या आदेशावर राज्यभर नोटिसा निघाल्या. नोटीस पहिली कुणाच्या दारात आली? गायरानात बंगला, गोदाम, शाळेच्या नावावर संस्था बांधणाऱ्याच्या दारात? पहिली आली झोपडीत. कारण झोपडीला वकील नसतो.

आता गायीचं. "गायरान गायीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही." हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आमच्यातल्याच विधवा बाईची चार शेळ्यांवर गुजराण आहे. धनगराची मेंढरं आहेत, लमाणाची ढोरं आहेत. सगळा माळ नांगरला तर ती जित्राबं कुठं न्यायची? प्रश्न खरा आहे. पण तो सोडवायचा तर ग्रामसभेत आमच्यासोबत बसून सोडवा. इतकं कसणाऱ्याला, इतकं चराईला, दगड रोवून ठरवा. आम्ही तयार आहोत. ते तयार नाहीत. कारण त्यांना गायीचं काही पडलेलं नाही. त्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे.

गायीचा कळवळा किती ते बघा. २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आला. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं. सरकारी जमीन, त्यात गायरानपण आलं, कंपनीला नाममात्र भाड्यानं. तारेचं कुंपण पडलं की आत गाय पण नाही, शेळी पण नाही, माणूस पण नाही. तवा गोमाता कुठं जाते? सूर्याची वीज आम्हाला नको असं नाही. आमच्या झोपडीतच तर अंधार आहे. पण पन्नास वर्षं कसणाऱ्याला "गायरान देता येत नाही" म्हणायचं आणि कंपनीला तेच काढून द्यायचं, हा कोणता न्याय? कसणारा अतिक्रमणवाला आणि कंपनी विकासवाली?

"मग सरकारची योजना घ्या ना!" हेही म्हणतात. आहे योजना. दादासाहेब गायकवाडांच्याच नावाची, २००४ पासूनची. भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून शंभर टक्के अनुदान. कागद सोन्याचा आहे. पण जिरायतीला एकरी पाच लाखाची मर्यादा, आणि त्या भावात जमीन विकायला कोण बसलंय? विकणारा कोण असतो? ज्याच्याकडं जमीन आहे तोच. म्हणजे जो आम्हाला बांधावर उभं राहू देत नाही, त्यानंच आम्हाला विकायची! ज्याचं नाव योजनेला दिलं, तो माणूस पडीक जमीन मागत तुरुंगात गेला होता. त्याची मागणी दाबली आणि त्याचं नाव लावलं.

आता थोडं आपल्या माणसांना. राग येईल, येऊ द्या.

१४ एप्रिलला आपण फाट्यापर्यंत बॅनर लावतो. बॅनरवर चाळीस फोटो. त्या चाळीसातले किती जण १-ईचा उतारा काढायला माझ्या मायसोबत आले? पुतळ्याला हात लागला तर आपण रस्त्यावर येतो, यायलाच पाहिजे. पण त्याच बाबासाहेबांच्या माणसाचं उभं पीक मोडलं तर आपण म्हणतो, "ते त्यांच्या गावचं भांडण." बौद्धवाड्याचं निवेदन वेगळं, मातंगवस्तीचं वेगळं. कचेरीतला साहेब दोन्ही घेतो, दोन्हीला एकाच टाचणीत टोचतो आणि एकाच कपाटात टाकतो. आपण वेगळे आहोत हे फक्त आपल्याला कळतं, कपाटाला कळत नाही. बीडकडं एकनाथ आव्हाडांच्या मानवी हक्क अभियानानं गायरान कसणाऱ्यांना गावोगाव एकत्र बांधलं. ते बाहेरून कुणी येऊन केलं नाही. साध्या माणसांनी केलं, मार खाऊन केलं.

आणि आपण लिहिणारे! आपण भुकेवर कविता लिहितो. चांगली लिहितो. पण माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज लिहून द्या म्हणलं की आपल्या पेनातली शाई वाळते. दोस्तहो, दहा रुपयाचा तो अर्ज पण साहित्यच आहे. त्याला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. कवितेला कोण देतं?

आम्ही सात-आठ जण आता एवढंच करतोय. आठवड्यातून एकदा फाट्यावर बसतो. ज्याच्याकडं जो कागद असेल तो आणायचा. दंडाची पावती, पंचनामा, जुनी नोटीस, काही नसेल तर बांधावरच्या लिंबाचं वय. १-ईची नक्कल मागायची, नाही दिली तर अपील. ग्रामसभेत ठराव मांडायचा, नाही घेतला तर तसं लिहून मागायचं. आणि नाव लागेल तेव्हा बाईचं नाव आधी. धोंडे तिनं वेचलेत.

भ्या वाटतं का? वाटतं. आमच्या परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी नावाचा कायदा शिकणारा पोरगा न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला मेला. त्याच्यानंतर परभणीला निवेदन घेऊन जायचं म्हणलं की आया लेकरांना आडव्या येतात. माझी माय आडवी आली नाही. ती म्हणाली, "म्याच येते संगं. मला काय करतेत? माझं समदं वय त्या माळानं खाल्लंय."

ती आली. खिडकीपाशी उभी राहिली. आतला माणूस म्हणाला, "आजी, किती वर्षं येताय, सोडून द्या आता." मायनं पिशवीतून ती पावती काढली, खिडकीतून आत धरली आणि म्हणाली, "बाबा, हा दंड भरल्याला हाय. एक तर जिमीन दे, न्हाई तर दंड वापस दे. याजासगट."

आतला माणूस गप झाला.

तर पांढरे कपडे, हे तुम्हाला उत्तर. चोराकडं पावती नसते. आमच्याकडं आहे. बुलडोझर आणायचा तर आणा, पण आधी तिच्यावरची सरकारची सही खोडा. पुढच्या बैठकीला आम्ही फाट्यावरच आहोत. ज्यांच्या पेटीत असा कागद असेल त्यांनी तो घेऊन यावं. ज्यांच्याकडं नसेल त्यांनी नुसतं यावं.