वाढदिवस खाली पार्किंगमध्येच होऊ द्या

लहान मुलांच्या वाढदिवसांना नावे ठेवणे फार सोपे असते. उधळपट्टी झाली, इंग्रजांची नक्कल झाली, ज्याला अजून धड बसता येत नाही त्याच्यासाठी एवढा थाट कशाला, असे म्हटले की काम भागते. नवी मुंबईतल्या कामोठ्यासारख्या गावात मात्र हा विषय असा झटकून टाकता येत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. तिने आखलेल्या या वसाहतीत मूळचे आगरी-कोळी गावकरी वगळले तर बहुतेक बिऱ्हाडे बाहेरून आलेली आहेत. कुणी साताऱ्या-सांगलीकडून आले, कुणी कोकणातून, कुणी मराठवाड्यातून, तर कुणी मुंबईतल्या चाळीची खोली सोडून. भावकी गावाला राहिली, आणि इथे शेजारच्या दारावरची पाटी वाचूनच शेजाऱ्याचे आडनाव कळते. शिवाय घरे लहान झाली तशी कुटुंबेही आटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. म्हणजे आज इथे वाढणाऱ्या मुलाला सख्खे भावंड असले तर एक, आणि चुलत-मावस भावंडे असली तरी दोनशे-तीनशे किलोमीटरवर. त्या मुलाला माणसे मिळवून द्यायची तर काहीतरी निमित्त लागतेच, आणि वाढदिवसाइतके बिनधर्माचे, बिनपक्षाचे, सगळ्यांना बोलावता येईल असे निमित्त दुसरे नाही. म्हणून वाढदिवस जरूर करावा. तक्रार आहे ती त्यासाठी हॉल घेण्याबद्दल, कारण ज्या कामासाठी वाढदिवस उपयोगाचा, नेमके तेच काम हॉलमध्ये होत नाही.

‘ही आपली पद्धत नव्हे’ हा आक्षेप आधी निकालात काढू. आपली पद्धत नव्हती, हे खरेच. राज्यातल्या साठी ओलांडलेल्या असंख्य माणसांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येतो. खरी तारीख घरी कुणी टिपून ठेवलेली नसे, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी वयात बसेल अशी तारीख लिहून मोकळे होत. जन्माची नोंद २१ दिवसांत करायला लावणारा कायदाही १९६९ चा. पण वाढदिवस न करण्यामागे संस्कृतीपेक्षा धास्ती जास्त होती. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. पाचवीची पूजा, सटवाई, दृष्ट काढणे, काजळाची तीट हे सगळे त्या काळजीतून आलेले. २०२० मध्ये देशातला हाच आकडा २८ होता आणि महाराष्ट्रातला १६. मूल जगणार याची खात्री वाटू लागली, तेव्हा आईबाप वर्षे मोजून आनंद करू लागले. त्यात लाजण्यासारखे काय आहे? केक की औक्षण हा वादही फुकाचा. कामोठ्यातल्या बहुतेक घरांत आधी आजी निरांजन, सुपारी आणि अंगठी घेऊन ओवाळते, मग केक कापला जातो, आणि त्या मुलाला दोन्हींत काही विसंगत वाटत नाही.

आता हॉलमधल्या वाढदिवसाकडे जरा जवळून बघा. निमंत्रण सातचे असते. पण बाबा, काका आणि ऑफिसातली मंडळी हार्बरच्या लोकलने यायची. सीएसएमटी ते कामोठ्याचे स्टेशन मानसरोवर हाच सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास. त्यामुळे केक नऊच्या आत कापला जात नाही. तोवर उत्सवमूर्तीची झोपेची वेळ टळून गेलेली असते. टोचणारा जाळीचा फ्रॉक किंवा गळ्याशी आवळलेला बो, समोर माइकवर ओरडणारा निवेदक, फोटोग्राफरचे ‘इकडे बघ, इकडे बघ’, आणि कॅमेऱ्यासाठी पाच वेळा तोंडाला लावलेला तोच घास. मूल रडते, त्याला आत नेतात, पुन्हा आणतात. पाहुणे रांगेने मंचावर चढतात, पाकीट देतात, फोटो काढतात आणि जेवणाच्या टेबलाकडे वळतात. शेजारच्या विंगमधली दोन कुटुंबे एकमेकांशी न बोलता जेवून परत जातात. मोठेपणी आठवणाऱ्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, हे मानसशास्त्राने कधीच दाखवून दिले आहे. म्हणजे पहिला आणि दुसरा वाढदिवस मुलाच्या आठवणीत राहायचा नाही. तो आईबापांसाठी असतो हे मोकळेपणाने मान्य करावे. पण मग मुलाला निदान त्या संध्याकाळचा त्रास तरी का द्यायचा?

दुसरी गोष्ट देण्याघेण्याची. लग्नातल्या आहेराची वही असते, तशी वाढदिवसाची वही कुणी उघडपणे ठेवत नाही. पण ‘त्यांनी आपल्याला किती घातले होते?’ हा प्रश्न पाकीट भरताना घरोघर विचारला जातो. त्यावर परतभेटीची पिशवी आली. ती आता मुलांना हक्काची वाटते, आणि गेल्या वेळच्या पिशवीपेक्षा या वेळची हलकी निघाली तर आयांनाही दिसते. यात मार खातो तो मधला माणूस. ज्याचा पगार तळोज्याच्या कारखान्यातला किंवा एखाद्या दुकानातला आहे, तो अशी दोन-तीन बोलावणी चुकवतो आणि मग त्याच्या मुलाला बोलावणेच येईनासे होते. जे निमित्त माणसे जोडणार होते, ते त्यांना चाळू लागते.

याला पर्याय परदेशातून आणायची गरज नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे लहान मुलांचे बोरन्हाण होते. पाटावर बसवलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, कुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हल्ली गोळ्या-चॉकलेटे ओततात, आणि आळीतली पोरे ती लुटतात. निमंत्रण मुलांचे, धमाल मुलांची, परतभेट जमिनीवर सांडलेली, आणि खर्च घरातल्या डब्यांत मावेल इतका. इतका चांगला बालसमारंभ ज्या समाजाला सुचला, त्याने वाढदिवसासाठी पॅकेज विकत घ्यावे याचे नवल वाटते. त्याच धर्तीवर वाढदिवस रविवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळेत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये का होऊ नये? गणपती तिथेच बसतो, सत्यनारायण तिथेच होतो, हळदीकुंकूही होते. वर छप्पर असते, म्हणून पाऊसही आडवा येत नाही.

घर वन बीएचके, माणसे कुठे बसवायची, म्हणून हॉल घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे आणि ती टिंगलीवारी नेऊ नये. तिचे उत्तर सोसायटीच्या कमिटीकडे आहे. दोन तासांसाठी चार गाड्या बाहेर लावायची परवानगी आणि गणपतीच्या खुर्च्या एवढेच लागते. ‘आमचे पैसे, आमची हौस’ हे दुसरे म्हणणे. हौसेला कुणी बंदी घालू शकत नाही, घालूही नये; पण हौस दाराबाहेर आली की तिचा भार इतरांवर पडतो. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या वस्तूंच्या यादीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकही आहेत. ही यादी एखाद्या वाढदिवसाचा पसारा समोर ठेवूनच केली असावी, अशी शंका येते. चौकात ‘छोट्या सरकार’चे फलक लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले, तेही साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर. आणि फेसाचा फवारा जळत्या मेणबत्तीजवळ मारणे हा तर शुद्ध वेडेपणा. डब्यातला वायू ज्वलनशील असतो, तसा इशारा डब्यावरच छापलेला असतो. हॉलवाले आणि सजावटवाले यांच्या पोटापाण्याचे काय, असेही कुणी विचारील. लग्ने-साखरपुडे त्यांच्याकडे राहतीलच, आणि घरून केक करून देणाऱ्या बायकांना पार्किंगमधला वाढदिवसही तेवढेच काम देईल.

राहिला प्रश्न चारचौघांत पुढाकार कुणी घ्यायचा याचा. पहिला माणूस ‘चिक्कू’ ठरण्याची भीती असते, म्हणून ही गोष्ट एकेकट्या घरावर सोडू नये. कामोठ्यातल्या सोसायट्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एवढाच ठराव करावा: सभासदांच्या दहा वर्षांखालील मुलांच्या वाढदिवसाला पार्किंग विनामूल्य मिळेल, इमारतीतल्या सगळ्या मुलांना, वॉचमनच्या मुलांनाही, बोलावले जाईल, आणि निमंत्रणाच्या खाली ‘कृपया आहेर आणू नये’ ही लग्नपत्रिकेतली ओळ राहील.