निर्णय बाबांनाही घेऊ द्या

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कर्करोग निघाला की सारे घर कुजबुजू लागते. मुलगा, जावई आणि शहरातला भाचा यांच्यात खल होतो. आणि ज्याच्या देहावर उपचार व्हायचे, त्याला ‘बाबा, लघवीचा त्रास आहे ना, नागपूरला दाखवून येऊ’ एवढेच सांगितले जाते. हेतू मायेचाच असतो. पण प्रोस्टेटच्या कर्करोगात ही माया महागात पडते, असे मला वाटते. या आजारावर उपचार एक नाही, अनेक आहेत. आणि त्यांतला कोणता घ्यावा हे आपण काय सोसायला तयार आहोत, यावरही ठरते. ते बाबांखेरीज कोण सांगणार?

प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवी अडते. ही वाढ बहुधा साधी असते, कर्करोगाची नव्हे. रक्तातील ‘पीएसए’ वाढलेला दिसला, तरी तेवढ्यावरून निदान होत नाही. ग्रंथीचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्या अहवालावरून रोग किती आक्रमक आहे हे कळते आणि इतर तपासण्यांवरून तो किती पसरला आहे ते.

रोग ग्रंथीपुरताच असेल तर मुख्य वाटा तीन: शस्त्रक्रियेने ग्रंथी काढणे, किरणोपचार, किंवा रोग सौम्य असल्यास नियमित तपासण्या करीत नुसते लक्ष ठेवणे. ‘कर्करोग आहे आणि नुसते बघत बसायचे?’ हा प्रश्न कुणालाही पडेल. ब्रिटनमध्ये सुमारे सोळाशे पुरुषांची या तीन वाटांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली होती. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले: या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास होते. मात्र लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे लक्ष ठेवणे हे दुर्लक्ष नव्हे. तारीख चुकवली तर मात्र ते दुर्लक्षच ठरते.

उरलेल्या दोन्ही वाटांनाही आपापली किंमत आहे. शस्त्रक्रियेनंतर काहींना लघवी आवरत नाही, लैंगिक क्षमता जाते. किरणोपचारात शौचाचा आणि लघवीचा त्रास होऊ शकतो. शिवाय तो आठवड्यातले पाच दिवस, बहुधा कित्येक आठवडे चालतो. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या शेतकऱ्याला त्यासाठी नागपूर वा सेवाग्रामला बिऱ्हाड करावे लागते. कापूस वेचणीला आलेला असताना सोबत कोण राहणार, हा प्रश्नही वैद्यकीय प्रश्नाइतकाच खरा आहे. तो डॉक्टरांपुढे मांडायला संकोच कशाचा? काही रुग्णांना किरणोपचार कमी दिवसांत देता येतो. पण विचारल्याशिवाय ते कळायचे कसे?

आपल्याकडे अनेकजण पोहोचतात तेच कंबरेच्या हाडांत रोग गेल्यावर. तेव्हाही हात टेकण्याचे कारण नाही. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवले आणि 1966 साली त्यांना नोबेल मिळाले. हे संप्रेरक तोडण्याच्या प्रमुख वाटा आजही दोन आहेत: वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, किंवा ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन. परिणाम जवळपास सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते, पण ती कायमची. इंजेक्शनाला खर्च आणि खेपा लागतात, आणि खेप चुकली की परिणाम ओसरतो. एखाद्याला शस्त्रक्रियेचा विचारही सहन होणार नाही. दुसरा म्हणेल, ‘सत्तरी ओलांडली, आता कशाला ते? एकदाचे मोकळे करा.’ दोघेही आपापल्या जागी बरोबरच आहेत. चूक होते ती त्यांना न विचारता कागदावर सही करण्यात. या उपचाराला सुरुवातीपासूनच नव्या गोळ्यांची किंवा केमोथेरपीची जोड दिली तर आयुष्य वाढते, हेही गेल्या दहा वर्षांतील अभ्यासांनी दाखवले आहे. ती जोड आपल्याला लागू आहे का, हे जरूर विचारावे.

बाप आणि लेक यांच्यात या अवयवांविषयी बोलणे आपल्याकडे होत नाही, हे मी जाणतो. मग निदान डॉक्टरांसमोर बाबांना एकटे बसू द्या. आईलाही बोलवा, ज्या संसारावर परिणाम व्हायचा तो तिचाही आहे. जाताना चार प्रश्न लिहून न्या: रोग कुठवर आहे? माझ्यासमोर वाटा कोणत्या? प्रत्येकीत काय जाईल, काय राहील? थांबून विचार करायला वेळ आहे का? रोग सौम्य आणि ग्रंथीपुरता असेल, तर या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते. पैशांसाठी शेत गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

हयातभर पेरणी कधी करायची आणि कापूस कोणत्या भावाला विकायचा, हे ज्याने ठरवले, त्या माणसाला आपल्या देहाबद्दलही ठरवता येते. त्याला फक्त खरे काय ते सांगायला हवे.