चारपट ठिपके, निम्मे मेनू

फोर-के मॉनिटरवर फोटोशॉपचे मेनू वाचता येईनासे झाले की रिझोल्युशन उतरवून द्यावे, हा तोडगा अकोल्याच्या जुन्या शहरातील पत्रिका आणि फ्लेक्स जुळवणाऱ्या डीटीपी दुकानांना या आठवड्यातही सुचवला गेला आणि कामाच्या घाईत तो निमूटपणे पाळलाही गेला. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा पडदा घेऊन तो १९२० गुणिले १०८० वर चालवणे म्हणजे चार ठिपक्यांकडून एकाचे काम करून घेणे होय; बिल मात्र चारांचे लागलेले असते.

पडद्याच्या एका इंचात किती ठिपके बसतात, याला घनता म्हणतात. २४ इंची फुल-एचडी पडद्यावर ती सुमारे ९२ असते, तर २७ इंची फोर-के पडद्यावर सुमारे १६३. त्यामुळे १६ ठिपके उंचीचे जे चिन्ह पहिल्यावर साडेचार मिलिमीटरच्या आसपास दिसते, ते दुसऱ्यावर अडीच मिलिमीटरवर येते. दोष पडद्याचा नसून ठिपक्यालाच लांबीचे माप समजून बसलेल्या प्रोग्रॅमचा आहे.

खिळ्यांच्या छापखान्यात ही चूक संभवतच नव्हती. तेथे पॉइंट हे माप इंचाच्या सुमारे बहात्तराव्या भागाचे असे आणि १२ पॉइंटचा खिळा मुंबईच्या निर्णयसागरात ओतलेला असो वा अन्य कोठे, त्याच्या अंगाची उंची जुळाऱ्याच्या बोटांना ठाऊक असे. यंत्र नवे आले, कागद गुळगुळीत झाला, छपाई अधिक रेखीव झाली, तरी त्यापायी अक्षर आकसत नसे. सुबकपणा आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिशाच्या ठोकळ्यात आपोआपच पाळले जाई. संगणकाच्या पडद्याने पॉइंट हे नाव उचलले, पण विंडोजने इंचाला ९६ ठिपके असा हिशेब गृहीत धरला आणि बऱ्याच प्रोग्रॅमकर्त्यांनी तो हिशेबही सोडून थेट ठिपके मोजले. जुन्या जुळाऱ्याने असा खिळा ओतणाऱ्याला पुन्हा ऑर्डर दिली नसती. सॉफ्टवेअरच्या बाजारात मात्र त्याला पुढच्या आवृत्तीचे पैसे मिळतात.

या स्तंभाचा जुना हेका वाचकांना ठाऊक आहेच: मेनूच्या पट्ट्या आखणाऱ्यांनी रोमन लिपीपलीकडे पाहिलेले नसावे. पुरावा तोकडा आहे, पण फॉन्टच्या यादीतील नमुना-अक्षरे पाहिली की संशय बळावतो. देवनागरीला त्याच उंचीत शिरोरेषेवर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार बसवावा लागतो. त्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते आणि आकार घटला की घ आणि ध यांतील भेद सर्वांत आधी नाहीसा होतो.

उपाय रिझोल्युशनला हात न लावता करता येतो. ते पूर्ण ठेवून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘स्केल’ १५० टक्के करावे, म्हणजे मजकूर व चिन्हे त्या प्रमाणात मोठी होतात. जे प्रोग्रॅम घनतेविषयी काहीच सांगत नाहीत, त्यांची खिडकी विंडोज स्वतः ताणते, म्हणून ते पुसट दिसतात. बारीक राहतात ते, जे घनता आपण सांभाळतो असे विंडोजला कळवतात आणि सांभाळत मात्र नाहीत. २०१२ चे फोटोशॉप सीएस-६ हा त्याचा ठळक नमुना. अशा प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असे जावे, ओव्हरराइडच्या चौकोनात खूण करावी आणि ‘सिस्टम’ निवडावे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’ हाही पर्याय मिळतो, ज्यात काही जुन्या प्रोग्रॅमांचा मजकूर ताणूनही स्वच्छ राहतो.

‘सिस्टम’ निवडल्यावर मेनूंबरोबर खिडकीतला फोटोही ताणला जातो, ही त्याची किंमत आहे. पत्रिकेतील नावे जुळवणाऱ्याला ती परवडते. फोटोची धार तपासणाऱ्याने मात्र खूण काढून ठेवावी, किंवा पडदा स्वतः ओळखणारी नवी आवृत्ती घ्यावी.